सातव्या बापाचं नाव

किरगिझ लोकांच्या आट-बाशी खोऱ्यात मुलगा बोलायला लागला की पाहुणे त्याला त्याचं नाव विचारत नाहीत, सात बाप विचारतात. बाप, आजोबा, पणजोबा असं चढत सातव्यापर्यंत न अडखळता पोचला, तर हातावर मिठाई पडते. अडखळला, तर त्याच्या जन्मदात्याला मान खाली घालावी लागते. आणि हे नुसतं पाठांतर नव्हे. सातव्या पिढीपर्यंत दोन्हीकडे एकच पूर्वज निघाला, तर त्या मुलामुलीचं लग्न होत नाही. मग मुलगी कितीही देखणी असो आणि मुलाच्या बापाकडे कितीही मेंढ्या असोत.

असनाकुन मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी हेच काम अंगावर घेतलं. घोड्यावर बसून ते वाडीवाडीला गेले, म्हाताऱ्यांपुढे बसून त्यांनी वंशावळी उतरवून घेतल्या. थोरली मुलगी बुरुल राजधानीत एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायची. तिनं बापासाठी वेबसाइट उभी करून दिली. खोऱ्यातल्या कोणीही यावं, दोन नावं टाकावीत आणि ती एकमेकांची कोण लागतात ते पाहावं. बघता बघता असं झालं की सोयरीक ठरवायची म्हटली की लोक आधी मास्तरांची साइट उघडायचे आणि मग मेंढी कापायचे. साइटनं नाही म्हटलं की विषय संपला. मास्तरांनी अशा दोन-तीन ठरलेल्या सोयरिकी स्वतःच्या तोंडानं मोडल्या होत्या, रडणाऱ्या पोरींना समजावलं होतं, आणि "मी तीनदा तपासल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

त्याच साइटनं यंदा त्यांच्या धाकटीचं, गुलायिमचं, लग्न मोडलं.

मुलगा एल्दियार, पलीकडच्या गावचा. दोघं राजधानीत शिकायला असताना एकमेकांना आवडली. मास्तरांना मुलाच्या घरच्यांची नावं तोंडपाठ होती, नातं कुठे लागत नव्हतं, म्हणून त्यांनी आनंदानं हो म्हटलं होतं. घरच्याच लग्नासाठी साइट कोण उघडतो? ती उघडली मुलाच्या आत्यांनी, हौस म्हणून. तिथे लिहिलं होतं की एल्दियारचा सहावा बाप कोइचुबेक हा तेङिझबाय वीराचा धाकटा मुलगा. आणि तेङिझबाय वीर म्हणजे मास्तरांच्या मुलींचा सातवा बाप. आत्या किंचाळल्या म्हणतात. रविवारी मुलाकडची वडीलधारी मंडळी चहाला येणार होती, सोयरीक रीतसर मोडायला. भल्या माणसांत अशी गोष्ट फोनवर मोडत नाहीत.

वर आणखी एक गंमत. त्याच आठवड्यात मोबाइलवरून साइट उघडणाऱ्याला वंशावळीऐवजी फिरतं चक्र दिसायला लागलं: पैज लावा, जिंका. अख्ख्या बाजारात हशा पिकला होता. मास्तरांचे पूर्वज जुगार खेळायला लागले म्हणे.

बुरुल शुक्रवारी मिळेल त्या गाडीनं घरी आली. गुलायिम आईबरोबर चुलीपुढे पीठ मळत होती, तिच्या डोळ्यांकडे पाहायची सोय नव्हती. बाप खिडकीशी चहाचा कप पुढ्यात घेऊन बसले होते आणि कपावर साय धरली होती.

"बाबा, हे जुगाराचं कधीपासून?"

"जुगाराचं सोड. ते कोण्या बाहेरच्या चोरांचं असेल," मास्तर म्हणाले. "कोइचुबेकचं कधी लिहिलं मी?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"तेच तर. आठवत नाही. लिहिलंय माझ्या साइटवर, म्हणजे मीच लिहिलं असणार. कुणी म्हाताऱ्यानं सांगितलं असेल, मी टिपलं असेल, आणि विसरलो." त्यांनी आवाज खाली आणला. "माझा बाप शेवटी शेवटी मला ओळखत नव्हता, बुरुल. सुरुवात अशीच झाली होती."

आईनं हे ऐकलं. ती जिभेनं तिखट होती आणि घाबरली की जास्तच तिखट व्हायची. "काही विसरलेले नाहीत. काल शेजारणीला तिच्या सासऱ्यानं तीस वर्षांपूर्वी उसन्या नेलेल्या कुऱ्हाडीची आठवण करून दिली. तू आधी ते फिरतं चक्र बंद कर. माझ्या माहेरी तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

बुरुलनं कॉम्प्युटर उघडला. आधी तिनं साइट बंद करून तिथे 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावली, म्हणजे खोऱ्यातले म्हातारे निदान पैज तरी लावणार नाहीत. मग काहीही साफ न करता सर्व्हरवर जे होतं त्याची जशीच्या तशी नक्कल बाजूला काढून ठेवली. चोरी झालेल्या घरात आधी केर काढला तर चोराची पावलंही केरात जातात, हे ती बँकेत नव्या पोरांना ओरडून सांगत असे. त्यानंतर नकलेत हात घातला आणि कोणत्या फाइली अलीकडे बदलल्या ते पाहायला लागली.

चित्रांच्या फोल्डरमध्ये चित्र नसलेली एक फाइल पथारी पसरून बसली होती. त्या फाइलीतूनच कोणीतरी दूरदेशी बसून सर्व्हरला हवं ते करायला लावत होतं, मोबाइलवाल्यांना चक्राकडे हाकलत होतं. असले चोर तिच्या ओळखीचे होते. ते नाव-गाव पाहत नाहीत. रात्रंदिवस यंत्रं लावून जगभरची दारं ढकलून पाहतात आणि जे उघडं सापडेल त्यात शिरतात. प्रश्न एवढाच होता की दार उघडं टाकलं कोणी.

दार म्हणजे एक फुकटातलं जोडकाम होतं, मोठाले फोटो चढवण्यासाठी कुठून तरी उतरवून साइटला चिकटवलेलं. ते आलं होतं फेब्रुवारीत. आणि ते बसवणारा कोणी परदेशी चोर नव्हता. तो मास्तरांचा पासवर्ड टाकून राजरोस पुढच्या दारानं आत आला होता, याच खोऱ्यातल्या मोबाइलच्या जोडणीवरून.

"बाबा, मी दिलेला पासवर्ड तुम्ही बदललात का?"

मास्तर बोटानं चहावरची साय बाजूला करायला लागले.

"बाबा."

"तो काय पासवर्ड होता? मांजर पेटीवर चालल्यासारखी अक्षरं. लक्षात राहीना. मग मी सोपा ठेवला, इंग्रजी अक्षरांत."

"काय ठेवलात?"

"तेङिझबाय."

बुरुलनं कपाळावर हात मारून घेतला. ज्या खोऱ्यात शेंबडं पोर दुसऱ्याचे सात बाप सांगतं, तिथे या माणसानं कुलपाची किल्ली म्हणून सातव्या बापाचं नाव ठेवलं होतं. "आणि हे कोणाला सांगितलंत?"

"सांगेन कशाला? मी काय खुळा आहे?"

"सांगितलं की," आई चुलीकडून म्हणाली. "नवरोझच्या सणाला सगळ्यांपुढे. म्हणे, माझ्या साइटची किल्ली असं नाव आहे की जो पोरगा ते विसरेल तो किरगिझ नाही. टाळ्या पडल्या होत्या. तुम्ही उठून वाकलातसुद्धा."

"तो नवरोझ मागच्या सालचा," मास्तर पुटपुटले. म्हणजे बोलून गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि फेब्रुवारीत कोणीतरी त्याचा फायदा घेतला होता. शाळेत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार.

बुरुलला चिडायला वेळ नव्हता. तिच्याकडे जानेवारीची एक जुनी नक्कल होती, बँकेतल्या सवयीनं वेगळ्या जागी जपून ठेवलेली. ती आणि आताची साइट तिनं शेजारी शेजारी लावली. नंतर भरलेल्या नव्या नोंदी सोडल्या, तर जुन्या हजारो नावांत वंशावळीची एकच ओळ बदललेली निघाली. जानेवारीत कोइचुबेकच्या वर लिहिलं होतं: बाप चोरो, डोंगरापलीकडून आलेला मेंढपाळ. आता तिथे वीराचं नाव होतं. तिनं कॉम्प्युटर बापाकडे वळवला.

"ही ओळ वाचा. नाव नीट वाचा."

मास्तरांनी चष्मा चढवला. ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. "तेनिझबाय," ते म्हणाले. "ङ नाही. न आहे."

"तुमच्या हातून ङ चुकेल?"

हा प्रश्न त्या घरात विचारण्यासारखा नव्हता. रशियन कळफलकावर नाकातला ङ नसतो, म्हणून अर्धं खोरं साधा न ठोकून मोकळं होतं. आणि मास्तरांनी चाळीस वर्षं त्या एका अक्षरासाठी पोरांचे कान पिळले होते. लग्नाच्या पत्रिकेत ङ नसला तर ते लग्नाला जात, पण जेवत नसत.

"मी मेलो तरी असं लिहिणार नाही," मास्तर म्हणाले. "बुरुल, हे मी लिहिलेलं नाही. मी विसरलेलो नाही. मी लिहिलंच नाही." आईनं पिठाच्या हातांनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि त्यांच्या टोपीला पीठ लागलं.

गुलायिम मात्र तशीच उभी राहून थोरल्या बहिणीला म्हणाली, "एजे, मग झालं ना? ही ओळ पुसून टाक, जुनी घाल."

"पुसते. पण मानेल कोण? साइट बापाची, कॉम्प्युटरवाली बहीण घरची. गुरुवारी नातं होतं, रविवारी नाही. लोक म्हणतील, पोरीसाठी पूर्वज बदलला." गुलायिमचा चेहरा पुन्हा पडला, आणि बुरुलला स्वतःच्या खरं बोलण्याचा राग आला. "थांब जरा. लिहिणारा सापडू दे."

फुकटातलं ते जोडकाम कोणत्या फोटोसाठी बसवलं होतं, तो फोटो फोल्डरमध्ये होता. मास्तर अंगणात गेले होते तेव्हा बुरुलनं तो उघडला. काच बसवलेलं एक भलंमोठं रंगीत चित्र, ढाल-भाला घेतलेला मिशाळ वीर, खाली पांढरा घोडा. चित्र तिनं पाहिलेलं होतं, बोलणी करायला गेली तेव्हा, मुलाच्या चुलत्याच्या बैठकीत. आणि चित्राच्या काचेत फोटो काढणाराच उमटला होता. डोक्यावर उंच पांढरा कल्पाक, पोटाशी दोन्ही हातांत धरलेला टॅबलेट, आणि काही मोठं काम करतो आहोत अशा माणसाचा चेहरा. एल्दियारचा चुलता, वडीलधारा म्हणून सगळे 'आके' म्हणतात तो जुमाकादिर, रस्ते खात्यातून निवृत्त. बाप नसलेल्या पुतण्याला त्यानंच वाढवलं होतं.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," आई चित्राकडे बघून म्हणाली. बुरुलला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता तिला त्या माणसाची दया यायला लागली, हे तिला आवडलं नाही.

शनिवारी दुपारी ती एकटी त्याच्याकडे गेली. जुमाकादिर अंगणात लाकडं फोडत होता. तिला पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, आत नेलं, चहा ओतला, आणि पाव मोडून पुढे केला. मागे भिंतीवर घोडेस्वार होताच.

"आके, एक फोटो दाखवायचाय," बुरुल म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

त्यानं पाहिलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. "मी एवढा जाडा दिसतो?" तो म्हणाला.

"पासवर्ड कसा कळला?"

"मास्तरांनी नवरोझला सांगितला ना. मी पुढच्याच ओळीत होतो." मग एकदम त्याचा धीर सुटला. "पोरी, मी काही चोरलं नाही. तुमचा वीर मोठा. सगळ्या सोहळ्यांत गाणारा त्याचं नाव घेतो, त्याच्या घराण्याचं घेतो. आमच्यावर आला की म्हणतो, 'आणि कोइचुबेकचे', आणि पुढे जातो. माझा भाऊ तुमच्या लोकांची मेंढरं वळता वळता बर्फात गेला. त्याच्या सातव्या-चाळिसाव्या दिवशीसुद्धा नुसतं, 'आणि कोइचुबेकचे'. वाटलं, एवढा मोठा वीर, त्याला एक धाकटा मुलगा जास्त असला तर कोणाचं काय जातं? फेब्रुवारीत मला काय माहीत की हा गाढव तुमच्याच मुलीच्या प्रेमात आहे?"

"आणि कळल्यावर?"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. जीभ वळायची नाही." "एल्दियार जेवत नाही. मला विचारतो, काका, सात पिढ्यांचं इतकं काय असतं. आणि मी त्याला समजावतो. मी. लाज वाटते गं."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं बुरुलनं पुष्कळ पाहिली होती, पण पुतण्याच्या पायावर पाडून वर त्यालाच फुंकर घालणारा हा पहिलाच.

"तू करतेस ना कॉम्प्युटरचं?" तो आशेनं म्हणाला. "सांग की जुगारवाल्यांनी बदललं. चोर तर आलेच होते. त्यांच्या नावावर आणखी एक."

"जुगारवाल्यांना तुमचा सहावा बाप कोण ते माहीत असेल, हे कोण मानेल, आके? एल्दियारच्या आत्या मानतील? त्यांना एकच माणूस पटवू शकतो, आणि तो मी नव्हे." ती उठली. "तुम्ही बोललात तर लग्न आहे. नाही बोललात तर नाही. आमच्या घरातून तुमचं नाव बाहेर जाणार नाही, एवढं वचन देते. बाकी तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन तिनं उरलेलं काम संपवलं. जुना सर्व्हर डागडुजी करून वापरायचा नाही, तो टाकून द्यायचा, हे तिचं ठरलेलं होतं. नवा कोरा घेतला, त्यावर जानेवारीची नक्कल चढवली, नंतरच्या नोंदी बापाला एकेक वाचायला लावून मग घातल्या, चित्रांच्या फोल्डरमधून काहीही चालणार नाही असा अडसर घातला, सगळ्या किल्ल्या बदलल्या. मास्तरांनी नवा पासवर्ड विचारला. तिनं सांगितला नाही. त्यांच्या मोबाइलवर दर वेळी वेगळा आकडा येईल अशी सोय केली आणि तो आकडाही कोणाला वाचून दाखवायचा नाही अशी त्यांच्याकडून शपथ घेतली. बाजारातून फोन आला, चक्र गेलं म्हणून. तेवढ्यानंच घरानं सुटकेचा अर्धा श्वास टाकला. उरलेला अर्धा रविवारवर अडकला होता.

रविवारी मंडळी आली. दोन आत्या, एक म्हातारे मामा, आणि शेवटी जुमाकादिर. एल्दियारला घोड्यांपाशी बाहेरच थांबवलं होतं, असल्या बोलण्यात मुलगा बसत नाही. आईनं तळलेले बोर्सोक मांडले, साय मांडली. कोणी हात लावला नाही. हवेचं झालं, गवताचं झालं. थोरल्या आत्यानं डोईच्या रुमालाच्या टोकानं ओठ टिपले आणि सुरुवात केली, "मास्तर, आपल्या पूर्वजांच्या रीतीपुढे आपण कोण."

"थांब," जुमाकादिर म्हणाला.

त्यानं कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवला. बुरुल दारातून बघत होती, तिच्या दंडाला गुलायिमची बोटं रुतली होती.

"मास्तर, मला सात बाप विचारा," तो म्हणाला.

पाच वर्षांच्या पोराला विचारतात ते. आत्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना कोणी नाव सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं फळ्यापुढे काढलेल्या माणसाला गुन्हेगार पोराचा चेहरा कळतो.

"सांग बाळ," ते त्याला म्हणाले, "तुझा बाप कोण?"

जुमाकादिर चढायला लागला. बाप सांगितला, आजोबा सांगितला. चौथ्यानंतर त्यानं चहाचा घोट घेतला. "पाचवा कोइचुबेक," तो म्हणाला आणि थांबला. "सहावा चोरो. मेंढपाळ. डोंगरापलीकडून एकटा आला, दोन लोकरीच्या पिशव्या आणि एक कुत्रा घेऊन. सातव्याचं नाव त्यानं कोणाला सांगितलं नाही, म्हणून आम्हाला ठाऊक नाही. वीराचं नाव मी घुसडलं. माझ्या हातानं, फेब्रुवारीत. तेङिझबाय आमचा कोणी नाही. तुम्ही आमचे कोणी लागत नाही, मास्तर. कोणीच लागत नाही."

धाकटी आत्या म्हणाली, "मेल्या, हे आठ दिवस आम्ही तुझ्या भिंतीवरच्या त्या घोड्याला अगरबत्तीच लावायची बाकी ठेवली होती." म्हातारे मामा बहिरे होते, ते विचारत होते की काय झालं, आणि कोणी तरी त्यांच्या कानात ओरडलं, "परके आहोत, परके." बाहेर घोड्यांपाशी तो शब्द पोचला असावा, कारण कुंपणाला काहीतरी जोरात धडकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एल्दियारचं हसू. गुलायिम दारातच खाली बसली, तोंड ओढणीत घालून हमसून रडायला लागली, आणि त्या घरातलं एकही माणूस तिला गप्प करायला गेलं नाही.

मास्तर उठले. जुमाकादिरही घाईनं उठला, मार खायला उठावं तसा. मास्तरांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"एकटा माणूस एक कुत्रा घेऊन डोंगर ओलांडून आला आणि त्याच्या सहाव्या पिढीची माणसं या खोलीत बसलीत," ते म्हणाले. "माझ्या वीराकडे तर चारशे भालेकरी होते. मला असा पूर्वज असता तर मीच चोरून लिहिला असता." मग त्यांनी बोर्सोकची थाळी त्याच्यापुढे सरकवली. "कोणी लागत नाही म्हणालात ना? तर आता लागा. खा, व्याहीबुवा."